चुकीला मोल असतं, नुकसानीला नाही

तुमच्या खिशात, गाडीच्या डिकीत किंवा आजीच्या डब्यात पडलेलं एखादं नाणं पाच लाखांचं आहे असं कुठल्या रीलनं सांगितलं असेल, तर ते रील बंद करा. ते नाणं पाच लाखांचं नाही. दोनाचं असेल तर दोन रुपयांचं आहे, आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर तेवढ्यालाच चालेल.

या रीलांचा साचा आता पाठ झालाय. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाचाचं नाणं, किंवा भारताचा नकाशा आणि तिरंगा असलेलं दोनाचं नाणं कॅमेऱ्यासमोर येतं. ‘हे तुमच्याकडे असेल तर लगेच या नंबरवर फोटो पाठवा.’ फोटो गेला की ‘खरेदीदार’ मिळतो. मग आधी नोंदणी फी, मग टॅक्स, मग पार्सलचे पैसे. नाणं घरातच राहतं, खातं रिकामं होतं. यात रिझर्व्ह बँकेचं नाव आणि लोगोही सर्रास वापरला गेला, इतका की ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर पत्रक काढून सांगावं लागलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही आणि त्यासाठी आम्ही कुणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही.

पण हा लेख त्या भामट्यांवर नाही. भामट्याशी वाद घालत बसायचं नसतं. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा आणि पोलिसांत जायचं. माझा वाद सभ्य माणसांशी आहे. प्रदर्शनात टेबल मांडून बसणाऱ्या विक्रेत्यांशी, नाणेसंग्राहकांच्या ग्रुपवर ‘रेअर एरर’ लिहून फोटो टाकणाऱ्या दादा-काकांशी, आणि व्ह्यूजसाठी प्रत्येक वाकड्या नाण्याला ‘मिंट एरर’ म्हणणाऱ्या चॅनेलवाल्यांशी. भामटा ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीन यांनी तयार केली. वेगळं दिसणारं प्रत्येक नाणं म्हणजे टांकसाळीची चूक आणि प्रत्येक चूक म्हणजे पैसा, हे समीकरण यांनी दहा वर्षं पसरवलं.

हे समीकरण दोन्ही बाजूंनी खोटं आहे.

आत झालं की बाहेर?

टांकसाळीच्या आत झाली ती चूक. दाराबाहेर झालं ते नुकसान. या विषयातला सगळा अभ्यास शेवटी या एका प्रश्नापाशी येतो, आणि त्याचं उत्तर द्यायचं तर नाणं बनतं कसं हे माहीत हवं.

धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. त्या चकत्यांची कड दाबून थोडी उचलली जाते. मग चकती दोन ठशांच्या मध्ये येते, भोवती एक पोलादी कडं असतं, आणि एका दणक्यात दोन्ही बाजूंची छाप उमटते. कापणं, कड उचलणं, ठोकणं. टांकसाळीत होणारी प्रत्येक चूक या तीनपैकी कुठल्यातरी पायरीवर होते आणि त्या पायरीची सही मागे ठेवते.

कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेलं नाणं घ्या. पट्टी नीट पुढे सरकली नाही, तर कापणारं यंत्र आधीच्या भोकावर थोडं चढतं आणि चकती अपुरी निघते. अशा चकतीची कड उचलताना जिथे तुकडा नाही तिथे दाब लागत नाही, त्यामुळे बरोबर समोरच्या बाजूची कडही कमजोर राहते. शिवाय ठोकताना धातू त्या रिकाम्या बाजूकडे वाहतो आणि जवळची अक्षरं ओढल्यासारखी दिसतात. आता कुणी घरी कानशीनं तसाच तुकडा काढला तर? समोरची कड शाबूत असते आणि अक्षरं सुरीनं कापल्यासारखी तुटतात. खऱ्या-खोट्यातला हा फरक एका भिंगानं दिसतो. तरीही समोरच्या कडेचा फोटो न टाकता असं नाणं विकायला ठेवलं जातं, आणि घेणाराही तो मागत नाही.

दुसरं उदाहरण रेघेचं. ‘नाण्यावर जास्तीची रेघ आहे, एरर आहे का?’ हा प्रश्न रोज विचारला जातो. ठसा नाण्याच्या उलटा असतो. ठशाला तडा गेला तर त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंचावलेली रेघ येते. नाण्यावरची रेघ खोलगट असेल, तर फार करून तो ओरखडा आहे. बोटाचं नखही हे सांगू शकतं.

तिसरं उदाहरण उलट्या छापेचं. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर त्याची आरशातल्यासारखी उलटी, खोल छाप उमटते. ही खरी आणि देखणी चूक आहे, म्हणूनच तिच्या नकला फार. नक्कल करायला दोन नाणी एकमेकांवर ठेवून पान्हा-शिकंज्यात आवळली की झालं. पण आवळलेल्या नाण्यावर आधीची छाप पूर्ण पुसली जात नाही. उलट्या अक्षरांखाली सुलट्या अक्षरांची भुतं राहतात, आणि पाठीमागची बाजू चेपलेली असते. खऱ्या नाण्यात पाठीमागची बाजू नेहमीसारखी खणखणीत असते.

चौथं, ‘सोनेरी एक रुपया’. एकाचं नाणं चुकून पाचाच्या पिवळ्या चकतीवर ठोकलं गेलं, असा दावा असतो. २०११ च्या मालिकेतलं एकाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आणि २१.९३ मिलिमीटरचं, स्टेनलेस स्टीलचं. त्याच मालिकेतलं पाचाचं नाणं ६ ग्रॅमचं आणि २३ मिलिमीटरचं, निकेल-पितळेचं. मोठी चकती लहान कड्यात सरळ बसणारच नाही. बसली नाही तर नाण्याचा आकार बिघडलेला दिसायला हवा. आणि वजन पावणेचारच्या आसपास भरत असेल, लोहचुंबक चिकटत असेल, तर तुमच्या हातात मुलामा दिलेला एक रुपया आहे. हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आणि फ्रिजवरचा मॅग्नेट पुरतो.

पाचवं, मधला भाग नसलेलं दहाचं नाणं. दहाच्या नाण्यात बाहेरची कडी आणि आतली चकती वेगळी असते आणि ठोकतानाच त्या एकमेकींत घट्ट बसतात. आतली चकती न येताच दणका बसला, तर कडीचा धातू मोकळ्या जागेकडे आत सांडतो. नंतर कुणी हातोडीनं चकती पाडली असेल, तर कडीच्या आतल्या भिंतीवर ती बसल्याची खूण तशीच राहते. विक्रेत्याला आतल्या भिंतीचा फोटो मागा. बरेचदा संवाद तिथेच संपतो.

जी चूक नाही, तिची विक्री

नुकसानीला चूक म्हणण्याइतकाच मोठा धंदा आहे तो अगदी बरोबर असलेल्या नाण्याला चूक म्हणण्याचा.

‘वर्षाखाली खूण नाही, मिंट मार्क गायब!’ अशी जाहिरात तुम्ही पाहिली असेल. आपल्याकडे मुंबई टांकसाळीच्या नाण्यावर वर्षाखाली छोटा चौकट असतो, हैदराबादच्या नाण्यावर चांदणी, नोएडाच्या नाण्यावर टिंब. आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीही नसतं. खूण नसलेलं नाणं म्हणजे कोलकात्याचं नाणं, एवढंच. खूण अनोळखी असली तरी घाबरायचं किंवा हुरळायचं कारण नाही. आपल्या टांकसाळींना मागणी पुरी करता येत नव्हती तेव्हा सरकारनं परदेशातूनही नाणी पाडून आणली आहेत, आणि त्यांवर त्या त्या टांकसाळीच्या खुणा आहेत.

ठसा फिरलेली नाणी घ्या. आपलं नाणं उभं धरून पुस्तकाच्या पानासारखं उलटलं, की मागची बाजूही सरळ दिसायला हवी. ती तिरकी किंवा उलटी दिसली तर ठसा फिरलाय. ही खरी टांकसाळीची चूक आहे. पण आपल्या जुन्या नाण्यांत ती इतक्यांदा सापडते, की थोड्याशा तिरकेपणाला ‘अल्ट्रा रेअर’ म्हणणारा विक्रेता एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय. चूक खरी असणं आणि दुर्मिळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गंमत अशी, की जो समाज कानशीनं घासलेल्या नाण्याला हजार मोजतो, तोच समाज खरं नाणं नाकारतो. दहाच्या नाण्यावर दहा रेघा असल्या तर खरं आणि पंधरा असल्या तर खोटं, रुपयाचं नवं चिन्ह नसलं तर खोटं, अशा अफवांवर दुकानदार आणि रिक्षावाले नाणी परत करत होते. १७ जानेवारी २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, की दहाच्या नाण्याचे १४ वेगवेगळे नमुने निघाले आहेत आणि सगळे चलनात वैध आहेत. रुपयाचं चिन्हच मुळात २०१० साली ठरलं आणि २०११ पासून नाण्यांवर आलं, मग त्याआधीच्या नाण्यावर ते असेल कसं? नाण्याकडे नीट बघायची सवय गेली, की खरं खोटं वाटतं आणि खोटं खरं.

बट्टा

ही सवय आपल्याकडे कधीच नव्हती असं मात्र नाही. मराठी भाषा तिनं भरलेली आहे. सरकारी खजिन्यात येणारी नाणी पारखून घेणारा तो पोतदार. आज ते नुसतं आडनाव उरलंय. निरनिराळ्या टांकसाळींचे निरनिराळे रुपये बाजारात चालायचे तेव्हा सराफ नाण्याचा कस आणि झीज बघून जी कसर कापून घ्यायचा तो बट्टा. नावाला बट्टा लागतो तो तिथूनच. माणसाची पारख करतो आपण, आणि शब्द खणखणीत नाण्यासारखा वाजावा म्हणतो. पेशवाईतल्या पुण्यात अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया चालायचा, आणि तो घेणाऱ्याला त्याच्यातली चांदी ओळखता येणं ही हौस नव्हती, पोटाची गरज होती.

त्याच काळाकडे बघितलं की ‘एरर’ या शब्दाची मर्यादाही कळते. शिवराई बघा. तांब्याचा हातानं ठोकलेला पैसा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा बहुतेकदा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे अर्धी अक्षरं तुकड्याबाहेरच पडायची. ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नाही, वळणं वेगळी, तुकडे वेडेवाकडे. हे शिवराईचं नेहमीचं रूप आहे. आज ऑनलाइन तीच शिवराई ‘ऑफ-सेंटर एरर’ म्हणून चढ्या भावानं विकली जाते. चूक ठरवायला आधी बरोबर काय ते ठरलेलं असावं लागतं. हातानं ठोकलेल्या नाण्याला यंत्राचा नियम लावून त्यात चूक शोधणं म्हणजे मोडीच्या कागदात टायपो शोधण्यासारखं आहे.

एकाच वजनाचा, एकाच छापेचा यंत्रावर पाडलेला रुपया कंपनी सरकारनं १८३५ साली आणला. १८० ग्रेन वजन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. मुंबईची टांकसाळ तेव्हा नुकतीच उभी राहिली होती. सगळी नाणी सारखी असलीच पाहिजेत असा दंडक आला, आणि मगच त्यांतलं एखादं वेगळं निघालं तर ती चूक ठरू लागली.

किंमत कशाला मिळते

खऱ्या चुकांना जगभर किंमत आहे, हे मी नाकारत नाही. ती कशामुळे मिळते ते बघा.

१९४३ मध्ये अमेरिकेनं युद्धासाठी तांबं वाचवायला एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं केलं. आदल्या वर्षीच्या काही कांस्याच्या चकत्या यंत्रांत राहून गेल्या आणि त्यांवर १९४३ ची छाप बसली. ती मोजकी नाणी आज प्रचंड किमतीला जातात. लगेच नकला आल्या. कुणी पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा दिला, कुणी १९४८ मधला आठ घासून तीन केला. पण पोलादी नाणं २.७ ग्रॅमचं आणि कांस्याचं ३.११ ग्रॅमचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मॅग्नेट आणि काटा घेऊन शाळकरी मुलगाही निम्मी नाटकं उघडी पाडतो. त्या नाण्याची किंमत टिकून आहे, कारण ते का झालं, कसं झालं आणि कसं ओळखायचं हे सगळं लिहिलेलं आहे.

आपल्याकडचा १९११ चा ‘डुक्कर रुपया’ही असाच. पंचम जॉर्जच्या वस्त्रावरच्या पदकमाळेतला हत्ती इतका बारीक आणि आखूड सोंडेचा झाला, की लोकांना तो डुक्कर वाटला आणि ओरड झाली. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी ७ लाखांच्या आसपासच नाणी बाहेर गेली होती. उरलेली वितळवली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. ही ठोकण्यातली चूकच नव्हे, ही चित्र काढणाऱ्याची चूक. तरी संग्राहक तो रुपया आनंदानं जपतात, कारण त्यामागे तपासता येणारी गोष्ट आहे.

‘हौसेला मोल नसतं’

यावर नेहमीचं उत्तर येतं, ‘हौसेला मोल नसतं. घेणारा घेतोय, देणारा देतोय, तुमचं काय जातं?’ हौस म्हणून वाकडं नाणं वाकडं म्हणून विका, माझी हरकत नाही. पण ‘टांकसाळीची चूक’ हे विशेषण वस्तुस्थितीचा दावा आहे. त्या दाव्याचे पैसे लावले असतील तर पुरावाही द्यावा लागेल. पितळेला सोनं म्हणून विकून सराफाला ‘घेणाऱ्याची हौस’ असं म्हणता येत नाही.

दुसरं उत्तर येतं, ‘सर्टिफाइड आहे.’ पीसीजीएस आणि एनजीसीसारख्या अमेरिकन कंपन्या नाणं तपासून बंद डबीत देतात आणि त्यांच्या मताला वजन आहे. पण डबीच्याही नकला निघतात, म्हणून डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तेच नाणं दिसतं का ते बघायचं असतं. आणि गल्लीतल्या कुणीही कलर प्रिंटरवर काढलेलं ‘ऑथेंटिसिटी सर्टिफिकेट’ हा फक्त कागद आहे. सर्टिफिकेटवर चूक कुठल्या पायरीवर झाली हे लिहिलेलं नसेल, तर त्यानं काहीही सिद्ध केलेलं नाही.

तिसरं उत्तर कुणी उघड देत नाही, पण ते खरं कारण आहे. घेणाऱ्यालाही सत्य नको असतं. शे-दोनशेला घेतलेलं नाणं पुढच्या भाबड्याला हजाराला देता येईल, ही आशा त्याला हवी असते. आणि या साखळीतला शेवटचा माणूस बहुधा कॉलेजात जाणारं, पॉकेटमनी वाचवणारं पोरगं असतं. त्याचे पैसे जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे हा छंदच लबाडांचा आहे असं समजून ते कायमचं निघून जातं. छंदात टिकलं असतं तर तेच पोरगं पुढे शिवराईचे ठसे वाचायला शिकलं असतं.

नाण्यांचंही वाटोळं होतं ते वेगळंच. चलनातलं नाणं कापणं, वितळवणं, नष्ट करणं हा २०११ च्या नाणे कायद्यानुसार गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कानस आणि शिकंजा घेऊन ‘एरर’ तयार करणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

पुण्यानं तरी

भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली याच शहरात उभं राहिलं. बखरीत लिहिलंय म्हणून खरं मानायचं नाही, अस्सल कागद दाखवा, हा राजवाड्यांचा हट्ट होता. त्या मंडळाच्या संग्रहात कागदांबरोबर नाणीही आहेत. अस्सल आणि बनावट यांवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडलेल्या या गावात आज प्रदर्शनाच्या टेबलावर वाकडं नाणं ‘एरर’ म्हणून खपतं आणि कुणी ब्र काढत नाही. शहाणी माणसं बघतात, मनात हसतात आणि पुढे जातात. ओळखीचा विक्रेता आहे, कशाला वाईट व्हायचं?

वाईट व्हायला हवं. प्रदर्शनं भरवणाऱ्यांनी एक साधा नियम करावा. ‘एरर’ अशी चिठ्ठी लावायची तर त्यावर नाण्याचं वजन, व्यास आणि चूक कोणत्या पायरीवर झाली ते लिहायचं. लिहिता येत नसेल तर चिठ्ठी काढायची. मोफत तपासणीचं एक टेबल ठेवावं, जिथे काटा, भिंग, मॅग्नेट आणि खरं बोलणारा एक माणूस असेल. आणि चॅनेलवाल्यांनी किमतीआधी कड दाखवावी.

तोवर तुम्ही जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरत असा किंवा रात्री फोनवर स्क्रोल करत असा, नाणं विकणाऱ्याला एवढंच विचारा: दादा, वजन किती? कडेचा फोटो आहे? आणि हे टांकसाळीत नेमकं कसं झालं, सांगता का?

उत्तर आलं तर ऐका, त्यातून शिकायला मिळेल. ‘घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या’ असं आलं, तर राहू द्या.